डोंगरात विमान पडलं तर: शोधणाऱ्यांना सापडायचं कसं

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेचं एक विमान ४५ जणांना घेऊन अँडीज पर्वतात कोसळलं. तीनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, अलास्कात अँकरेजहून जुनोला निघालेलं सेसना ३१० हे लहान विमान वाटेतच नाहीसं झालं. त्यात अमेरिकी संसदेचे दोन सदस्य होते, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. अलास्कात ३९ दिवस शोध चालला, पण त्या विमानाचा एक पत्राही आजवर हाती लागलेला नाही. अँडीजमधला शोध आठ दिवसांनी थांबवला गेला. तिथले १६ जण ७२ दिवसांनी जिवंत परतले ते स्वतःच्या पायांवर, म्हणजे दोघांनी दहा दिवस डोंगर तुडवून माणसं गाठली म्हणून.

दोन्हीकडे शोधाला विमानं होती, जीव तोडून शोधणारी माणसं होती. अलास्कात नेमकं कुठे बघायचं तेच कळलं नाही. अँडीजमध्ये तर विमानं डोक्यावरून गेली, खालच्यांनी ती पाहिली, पण वरच्यांना खालचं काही दिसलं नाही. या लेखात जे सांगायचं आहे ते या दोन चुकामुकींबद्दल. तुम्हाला शोधायचा प्रदेश लहान करा, आणि शोधणारा जवळ आला की त्याला दिसा. ऊब, पाणी, मलमपट्टी ही सगळी धडपड या दोन गोष्टी जुळेपर्यंत तग धरण्यासाठी.

निघण्याआधी: वर्तुळ लहान करा

हिशेब साधा आहे. लहान विमान ताशी २०० किलोमीटरने उडतं असं धरू. निघाल्यावर तासभर त्याचा पत्ता नाही आणि ते कुठल्या दिशेला गेलं हे कुणालाच ठाऊक नाही, तर शोधायचं वर्तुळ २०० किलोमीटर त्रिज्येचं होतं. क्षेत्रफळ जवळपास सव्वा लाख चौरस किलोमीटर. तेच मार्ग ठाऊक असेल, तर २०० किलोमीटरचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटर धरून चार हजार चौरस किलोमीटर उरतात. आणि दर पंधरा मिनिटांनी वैमानिक रेडिओवर आपली जागा सांगत असेल, तर त्या पट्ट्याचाही पाऊण भाग गळून पडतो. एक कागद आणि चार वाक्यं एवढं काम करतात.

म्हणून पहिली पायरी फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठून कुठे, कुठल्या मार्गाने आणि केव्हा जाणार याची हवाई वाहतूक यंत्रणेला आधी दिलेली नोंद. वैमानिकाने तो दिला आहे का, हे प्रवाशाने विचारावं. त्यात संकोच नको. फ्लाइट प्लॅन दिलेलं विमान ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात पोचलं नाही किंवा बोललं नाही, तर हवाई वाहतूक यंत्रणा त्याला 'इन्सर्फा' म्हणजे अनिश्चिततेच्या टप्प्यात टाकते. मग 'अलर्फा', म्हणजे सावधतेचा टप्पा, मग 'डिट्रेसफा', म्हणजे संकट. प्लॅनच नसेल तर हे घड्याळ सुरूच होत नाही. स्टीव्ह फॉसेट हे जगप्रदक्षिणा केलेले वैमानिक ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एका लहान विमानात फेरफटका मारायला म्हणून निघाले. फ्लाइट प्लॅन दिलेला नव्हता. प्रचंड मोठा मुलूख धुंडाळला गेला, पण विमान सापडलं ते वर्षभराने, तेही एका पदयात्रीला डोंगरात त्यांची ओळखपत्रं पडलेली दिसली म्हणून.

प्लॅन नसेल किंवा तुम्ही कुणाच्या खासगी विमानातून चालला असाल, तर निदान जमिनीवरच्या एका माणसाला लिहून द्या: विमानाचा नोंदणी क्रमांक, रंग, किती माणसं, कुठल्या खिंडीतून जाणार, इंधन किती तासांचं, आणि 'अमुक वेळेपर्यंत माझा निरोप आला नाही तर थांबू नकोस, कळव'. वेळ मोघम नको. 'संध्याकाळपर्यंत' असं सांगितलं की समोरचा माणूस रात्री दहापर्यंत मनाची समजूत घालत बसतो. आणि वाटेत मार्ग बदलला तर ते रेडिओवर सांगितलंच पाहिजे, नाहीतर लिहून दिलेला कागद शोधपथकाला चुकीच्या दरीत नेतो.

दुसरी पायरी म्हणजे बीकन, संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र. विमानात ईएलटी नावाचं उपकरण असतं. जोराचा धक्का बसला की ते आपोआप सुरू होतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतं. तो कोस्पास-सारसॅट या उपग्रह यंत्रणेला मिळतो. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या चौघांनी शीतयुद्धाच्या काळात मिळून ही यंत्रणा उभारली. तिच्या मदतीने वाचलेली पहिली माणसं सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात पडलेल्या एका लहान विमानातलीच होती, तिघं जण. बीकनमध्ये जीपीएस असेल तर जागा शंभर-सव्वाशे मीटरच्या आत कळते. नसेल तरी उपग्रह साधारण पाच किलोमीटरच्या त्रिज्येपर्यंत आणून सोडतात. सव्वा लाखावरून ऐंशी चौरस किलोमीटरवर!

दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या बीकनचं उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालं आहे. आज ती लहर जवळ आलेल्या विमानाला दिशा दाखवायला उपयोगी पडते, पण फक्त तीच लहर सोडणाऱ्या बीकनवर भरवसा ठेवून डोंगरात जाऊ नये. दुसरं, बीकनची नोंदणी. नोंदलेल्या बीकनचा इशारा आला की बचाव केंद्र आधी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन करतं. आलेल्या इशाऱ्यांपैकी बहुतेक चुकून सुरू झालेल्या बीकनचे असतात, त्यामुळे हा फोन फार मोलाचा. घरच्याने 'हो, ते आज खरंच उडताहेत, अमुक दिशेला गेलेत' एवढं सांगितलं तरी तिकडे हालचालींना वेग येतो.

ईएलटीवर विसंबून राहू नका, असंही सांगतो. आदळताना अँटेनाची तार तुटते, विमान उलटं पडून अँटेना खाली दबते, आग लागते. म्हणून प्रवाशाने स्वतःचा पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा लहान बीकन, किंवा उपग्रहाने संदेश पाठवणारं उपकरण घ्यावं. ते बॅगेत ठेवू नका, अंगावरच्या खिशात ठेवा. बॉग्ज यांच्या विमानाच्या वैमानिकाकडे हातात न्यायचा बीकन होता. चौकशीत तो सापडला फेअरबँक्सला उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका विमानात.

खिशातल्या बाकीच्या वस्तू थोड्याच: शिट्टी, लहान आरसा, लायटर, चाकू, भडक रंगाचं मोठं प्लॅस्टिक किंवा चकाकणारी थर्मल चादर, आणि रक्त थांबवायची पट्टी. कपडे खालच्या मुलखाचे नकोत, वरच्या डोंगराचे घाला. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि विमान तुम्हाला उतरवेल ते खिंडीत, धावपट्टीवर नव्हे.

आदळण्याआधीचे क्षण

इथे प्रवाशाच्या हातात फार काही नसतं, पण जे असतं ते महत्त्वाचं. पट्टा कमरेच्या हाडावर, खाली आणि घट्ट. खांद्याचा पट्टा असेल तर तोही ओढून घ्या, पाठ सीटला टेकवा आणि हनुवटी छातीशी दाबा. खांद्याचा पट्टा नसेल तर पुढे वाका आणि डोकं हातांनी झाका. पाय जमिनीवर सपाट. चष्मा आणि टोकदार वस्तू काढून ठेवा. वैमानिक रेडिओवर 'मेडे' तीनदा म्हणेल, रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा आकडा लावेल, इंधन आणि वीज बंद करेल. त्याने सांगितलं तर दाराची कडी आधीच उघडा, कारण सांगाडा वाकला की बंद दार अडकून बसतं.

पहिला तास

विमान थांबलं की बाहेर पडा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे धूर तुमच्याकडे येणार नाही अशा बाजूला जा. जखमींना आगीचा धोका असेल तरच लगेच ओढा. मान-पाठ दुखत असलेल्या माणसाला उगाच हलवू नका. इंधनाचा वास विरेपर्यंत काडी ओढायची नाही.

आधी वाहतं रक्त. जखमेवर थेट, पूर्ण जोर देऊन दाबा. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर पट्टा आवळा आणि वेळ लिहून ठेवा. मग श्वास, मग मोडलेली हाडं.

रक्तस्राव आटोक्यात आला की ताबडतोब बीकन. हे काम लोक विसरतात आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं. पीएलबी असेल तर अँटेना उभी करून मोकळ्या आकाशाखाली सुरू करा. ईएलटी विमानाच्या शेपटीकडच्या भागात असतो. त्याचा खटका 'आर्म' (सज्ज) वर असेल तर हाताने 'ऑन' करा. विमानाचा रेडिओ चालू असेल तर १२१.५ लावून ऐका. वरून खाली घसरत जाणारा सायरनसारखा सूर ऐकू आला तर बीकन बोलतो आहे. काही नव्या बीकनवर गॅलिलिओ उपग्रहांकडून 'संदेश पोचला' अशी खूण दिव्याने दिसते. एकदा सुरू केलेला बीकन मधे बंद करू नका. बॅटरी वाचवायचा मोह होतो, पण तुटक संदेशाने गोंधळच वाढतो.

मग फोन. आणीबाणीचा नंबर लावून बघा. कॉल लागला नाही तरी एसएमएस कधीकधी निसटून जातो, म्हणून जागा आणि माणसांची संख्या लिहून पाठवा. काही नव्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. ती कशी वापरायची ते घरीच शिकून ठेवा. सिग्नलची एखादी दांडी जरी येत-जात असेल तर फोन चालू ठेवा, कारण टॉवरशी झालेल्या संपर्काची नोंद शोधकांच्या कामी येते. २९ मे २०२२ ला नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला निघालेलं २२ जणांचं ट्विन ऑटर विमान बेपत्ता झालं, तेव्हा वैमानिकाच्या मोबाइलच्या ठिकाणावरूनही शोधाला दिशा मिळाली होती. त्यातलं कुणी वाचलं नव्हतं. सिग्नल अजिबात नसेल तर फोन बंद करून शर्टाच्या आत ठेवा. थंडीत बॅटरी पाहता पाहता बसते.

पहिली रात्र

भूक माणसाला काही दिवस मारत नाही. थंडी आणि ओल एका रात्रीत मारते. विमानाचा सांगाडा निवारा वाटतो खरा, पण पातळ ॲल्युमिनियम अंगातली ऊब ओढून घेतं. आत झोपायचंच असेल तर सीटच्या गाद्या, गालिचा, भिंतीतलं अस्तर उपसून अंगाखाली जाड थर करा. पांघरुणापेक्षा अंथरूण जास्त महत्त्वाचं, कारण थंडी जमिनीतून चढते. मोडक्या बाजूला सामान रचून वारा अडवा, जागा लहान ठेवा, अंगाला अंग लावून झोपा. अँडीजमधल्या लोकांनी सांगाड्याचं उघडं तोंड बॅगा आणि सीट रचून बंद केलं होतं, आणि सीटची अस्तरं शिवून पांघरुणं केली होती.

एकमेकांवर लक्ष ठेवा. कुडकुडणारा माणूस अजून झगडतो आहे. ज्याचं कुडकुडणं ऊब न मिळताच थांबलं, जीभ जड झाली, बटण लावता येईना, जो 'मला बरं वाटतंय, राहू द्या' म्हणू लागला, त्याला मधे घ्या, ओले कपडे काढा, शुद्धीत असेल तर कोमट गोड पाणी द्या. बर्फ तसाच चघळू नका. तो वितळवण्यात अंगातली ऊब खर्च होते. गडद कापडावर किंवा पत्र्यावर उन्हात वितळवा. बंद जागेत चूल पेटवायची नाही, तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

दिसायचं कसं

वरून बघणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा विचार करा. तो हेलिकॉप्टरच्या खिडकीला कपाळ टेकवून डोळ्यांत तेल घालून बघतो आहे. खाली खडक, सावल्या, बर्फाचे पट्टे, वठलेली झाडं. मोडलेलं विमान बहुधा विमानासारखं दिसत नाही. फाटलेल्या कागदाच्या कपट्यांसारखं दिसतं. झाडीत तर पंख फांद्यांत गुडूप होतात. अँडीजमधल्या विमानाचं अंग पांढरं होतं आणि ते पडलं होतं बर्फात. वाचलेल्यांनी सामानातल्या लिपस्टिकने छतावर एसओएस लिहायला घेतलं, पण वरून वाचता येतील एवढी अक्षरं काढायला लिपस्टिक पुरलीच नाही.

तेव्हा भोवतीच्या रंगाला छेद द्या. बर्फात गडद, हिरवळीत भडक. पंखावर साचलेला बर्फ रोज झाडा. निसर्गात सरळ रेषा आणि काटकोन क्वचितच असतात, म्हणून मोकळ्या जागी सरळ रेषांची अक्षरं काढा: दगड, फांद्या, सीटची कापडं, किंवा बर्फात तुडवलेले चर. इंग्रजी 'व्ही' म्हणजे मदत हवी, 'एक्स' म्हणजे वैद्यकीय मदत हवी, 'वाय' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही, आणि बाण म्हणजे आम्ही या दिशेने निघालो. या खुणा जगभर ठरलेल्या आहेत. प्रत्येक खूण अडीच मीटरपेक्षा लहान नको. जमेल तितकी मोठी काढा. चर खोल खणा, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यात सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं.

उन्हात आरशाइतकं प्रभावी दुसरं काही नाही. आरसा गालाशी, डोळ्याला लागून धरा. दुसरा हात विमानाच्या दिशेने ताठ करून दोन बोटांचं बेचकं करा. आधी कवडसा त्या बोटांवर पाडा. मग विमान बेचक्यात धरून आरसा अगदी हलकेच हलवत राहा, म्हणजे कवडसा बोटांवरून विमानाकडे ये-जा करेल. विमान दिसत नसलं आणि नुसता आवाज येत असला तरी क्षितिजावरून कवडसा फिरवा. विमानाचे मोडके आरसे, सीडी, चकचकीत पत्रा, काहीही चालतं.

धुराचंही तसंच. बर्फावर काळा धूर हवा: रबर, इंजिनचं तेल. गर्द झाडीवर पांढरा हवा: पेटत्या आगीवर ओली पानं. थंडीत तेल गोठण्याआधीच ते इंजिनमधून काढून ठेवा. तीन ढीग त्रिकोणात रचून, झाकून, तयार ठेवा. विमानाचा आवाज आल्यावर लाकडं गोळा करायला गेलात तर विमान गेलेलं असतं. रात्री उघडझाप करणारा दिवा दाखवा. आल्प्सची जुनी रीत म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग मिनिटभर थांबा. रात्री दिसायची दुर्बीण लावलेल्या पथकाला फोनच्या पडद्याचा उजेडही काही किलोमीटरवरून दिसतो, त्यामुळे अंधारात हेलिकॉप्टर ऐकू आलं तर पडदा त्याच्याकडे वळवा.

विमानाने पंख डावे-उजवे डोलवले, किंवा रात्री दिवे दोनदा लावून विझवले, तर तुमची खूण त्यांना समजली.

वर काय चाललेलं असतं

हे कळलं की वाट पाहणं सुसह्य होतं. बचाव केंद्र शेवटच्या ठाऊक जागेपासून सुरुवात करतं: शेवटचा रेडिओ, शेवटचा रडारचा ठिपका, शेवटचा टॉवर, कुणा मेंढपाळाने ऐकलेला आवाज. आधी ठरलेला मार्ग दोन्ही बाजूंनी पाहिला जातो. मग नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात विमान असण्याची शक्यता किती आणि तिथे असेल तर दिसण्याची शक्यता किती, याचा गुणाकार मांडतात. एकदा पाहिलेली दरी म्हणूनच पुन्हा पाहिली जाते. तुमच्यावरून एकदा विमान गेलं आणि दिसलं नाही, म्हणजे सारं संपलं असं मुळीच नाही.

डोंगरात शोध माथ्यापासून खाली उतरत घेतात. विमान शिखराला वळसा घालतं, मग थोडं खाली येऊन पुन्हा वळसा. दरीत शिरून अडकायचा धोका असतो, म्हणून खालून वर चढत नाहीत. तुम्ही खोल घळीत असाल तर ते तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल. ढग आले तर उड्डाण थांबतं, शोध थांबत नाही. पायी पथकं निघतात. ती मधूनच शिट्टी वाजवून स्तब्ध उभी राहतात आणि ऐकतात. म्हणून ढगाळ दिवशी तुमची शिट्टी जास्त मोलाची.

चालत निघावं का?

बहुतेक वेळा नाही. विमान माणसापेक्षा मोठं आहे, बीकन त्याच्याजवळ आहे, आणि शोध त्याचाच चालला आहे. अँडीजचं उदाहरण देऊन लोक उलट बोलतात, पण ते नीट पाहायला हवं. तिथल्या लोकांनी विमानात सापडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओवर शोध थांबल्याची बातमी ऐकली होती. विमानाचं उंचीमापक ७,००० फूट दाखवत होतं, प्रत्यक्षात ते साडेअकरा हजारांच्याही वर होते. मरणापूर्वी सहवैमानिक सांगत राहिला की आपण चिलीतलं कुरिको शहर ओलांडलं, म्हणजे चिलीची वस्ती पश्चिमेला अगदी जवळ असणार. ते खरं नव्हतं. नांदो पारादो आणि रोबेर्तो कानेसा १२ डिसेंबरला निघाले, शिखरावर चढले, तर पुढे आणखी डोंगरच डोंगर. ते पोचले ते दोन महिने तयारी करून, शिवलेली झोपण्याची पिशवी घेऊन, तिकडचा, म्हणजे दक्षिण गोलार्धातला, उन्हाळा लागल्यावर.

निघायचंच झालं, म्हणजे हिमस्खलनाची जागा असेल किंवा कुणाला ठाऊकच नसेल तुम्ही कुठे आहात, तर सगळ्यात धडधाकट असलेल्या दोघांनी जावं, एकट्याने कधीच नाही. विमानापाशी चिठ्ठी आणि बाण ठेवा: कोण, केव्हा, कुठल्या दिशेने. वाटेत दगडांच्या ढिगाऱ्यांनी खुणा करत जा.

घरी वाट पाहणाऱ्यांना

ठरलेली वेळ उलटली की फोन करा, पोलीस किंवा विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला. 'उगाच त्रास नको' हा विचार या वेळी बाजूला ठेवा. माणूस सुखरूप निघाला तर शोध थांबवता येतो, पण गेलेला उजेड परत आणता येत नाही. कागदावर लिहून घ्या: विमानाचा क्रमांक आणि रंग, फोन नंबर आणि मोबाइल कंपनी, शेवटचा निरोप किती वाजता आणि काय होता, अंगावरच्या कपड्यांचे रंग, औषधं, बूट कसे होते. त्याच्या फोनवर सतत कॉल करू नका, एक-दोन मेसेज पाठवून थांबा. स्वतः डोंगरात धावू नका. पथकाला मग दोन शोध घ्यावे लागतात. एकाच माणसाने बचाव केंद्राशी बोलावं आणि त्याचा फोन सदैव मोकळा असावा.

हेलिकॉप्टर आल्यावर

सुटका समोर दिसली की माणसं धावत सुटतात, आणि इथेही जीव जातात. चादरी, प्लॅस्टिक, कपडे दगडाखाली दाबा. पंख्याच्या वाऱ्याने ते उडून पात्यात जातात. दोन्ही हात वर करून 'वाय' करा, म्हणजे हो, मदत हवी. मग खाली बसा, डोळे झाका. शेपटीकडून जायचं नाही. उताराच्या वरच्या बाजूने तर कधीच नाही, कारण तिथे पातं डोक्याच्या उंचीवर येतं. हातातली काठी आडवी, कमरेखाली. कर्मचाऱ्याने खूण केली की समोरून, वाकून, त्याच्या नजरेसमोरच जा. बीकन चालूच ठेवा, आणि आता बंद कर असं त्याने सांगितल्यावरच तो बंद करा.